१०६४ च्या लेसरवर साध्या पाण्यातच १४ टक्के डावा-उजवा फरक येऊन राहिला

प्रश्न: वरूड_भौतिकी

हवा-पाणी सीमेवर बसलेल्या कायरल रेणूंचा (डाव्या-उजव्या हातासारखी आरसा-प्रतिमा वेगळी असलेल्या) दुसरा हार्मोनिक, म्हणजे एसएचजी (१०६४ च्या लेसरमधून बनणारा निम्म्या तरंगलांबीचा, ५३२ चा प्रकाश), मोजायचा आहे. तालुक्याच्या कॉलेजातली मांडणी आहे. काय चुकतंय ते जाणकारांनी पाहावं.

लेसर क्यू-स्विच्ड एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर, ८ नॅनोसेकंद, सेकंदाला १० पल्स, नमुन्यावर १० मिलीज्यूल. क्रम असा: ग्लॅन पोलरायझर, क्वार्ट्झची क्वार्टर-वेव्हप्लेट, किरण खाली वळवायला दोन डायइलेक्ट्रिक आरसे, लांब फोकसची लेन्स, ९० मिलीमीटरची काचेची पेट्री डिश. आपाती कोन ६० अंश. किरण १ मिलीमीटर जाड, म्हणजे पाण्यावर ठिपका लांबट, २ मिलीमीटरचा. परावर्तित बाजूला ४५ अंशांवर अॅनालायझर (परतलेल्या प्रकाशाचं पोलरायझेशन निवडणारा), १०६४ अडवणारा फिल्टर, ५३२ वर लावलेला मोनोक्रोमेटर, फोटोमल्टिप्लायर.

अडचणी अशा. नुसत्या पाण्यात कायरल काहीच नसताना डाव्या आणि उजव्या वर्तुळाकार पोलरायझेशनच्या सिग्नलमध्ये १४ टक्के फरक दिसतो. बायनॉल (बायनॅफ्थॉल) या कायरल रेणूची आर आणि एस ही एकमेकांची आरसा-प्रतिमा असलेली दोन्ही रूपं घेतली. चिन्ह उलटायला पाहिजे होतं, पण दोघांनाही तोच १३ ते १५ टक्के, तोही एकाच दिशेने. शिवाय हा संत्र्याचा पट्टा, सालीचं तेल हवं तेवढं मिळतं, म्हणून लिमोनीन पाण्यावर पसरवलं. त्याचा सिग्नल दहा मिनिटांत उतरतो. लिमोनीनवर हे काम होणारच नाही का?

पाणी आरओचं. खोलीत ४२ अंश, वाळ्याच्या ताट्यांचा कुलर चालू.

उत्तर: अर्धतरंग

भाऊ, वेव्हप्लेटच्या मागे दोन आरसे ठेवले तिथेच घोळ आहे. डायइलेक्ट्रिक आरसा पी (आपाती प्रतलातलं पोलरायझेशन) आणि एस (त्या प्रतलाला लंब; बायनॉलच्या एस रूपाशी याचा संबंध नाही) दोन्ही सारखेच परावर्तित करतो, पण दोघांच्या फेजमध्ये फरक पाडतो. वेव्हप्लेटमधून निघालेलं वर्तुळ आरशांवरून येताना लंबवर्तुळ झालेलं असतं. १०६४ ला ४५ अंशांसाठी बनवलेला आरसा तुम्ही ३० किंवा ६० वर वापरत असाल, तर हा फरक दहा-वीस अंश सहज भरतो.

तपासायचं कसं? डिश काढा, तिच्या जागी दुसरा पोलरायझर आणि पॉवरमीटर ठेवा. पोलरायझर ०, ४५, ९० आणि १३५ अंशांवर फिरवून वाचन घ्या. ० आणि ९० ची वाचनं सारखी आली म्हणून खूश होऊ नका, फेजची चूक तिथे दिसतच नाही. ती ४५ आणि १३५ मध्ये दिसते. २० अंशांची चूक असेल तर त्या दोन वाचनांचं गुणोत्तर दोनच्या घरात जातं. ते १.०५ च्या आत आणा. म्हणजे चूक साधारण दीड अंशाच्या आत आली.

आता ही चूक तुमच्या १४ टक्क्यांत कशी उतरली ते पाहा. कायरल नसलेल्या, सगळ्या दिशांनी सारख्या पृष्ठभागावर डावा आणि उजवा यांच्यात फक्त एस दिशेच्या एसएचजीचं चिन्ह बदलतं, पी दिशेचं तेच राहतं. अॅनालायझर नेमका पी किंवा नेमका एस वर असेल तर तीव्रता दोन्ही वेळा सारखी. फेज बिघडलेला असला तरी सारखीच. अॅनालायझर ४५ वर ठेवला की पी आणि एस एकमेकांत मिसळतात. वर्तुळ शुद्ध असेल तर त्यांच्यात ९० अंशांचं अंतर असतं आणि मिसळणीचं पद शून्य होतं. लंबवर्तुळ झालं की ते पद जिवंत होतं आणि कायरल सिग्नलचं सोंग घेतं. म्हणून आजच अॅनालायझर ० आणि मग ९० वर लावून पाण्याचं डावं-उजवं मोजा. तिथे फरक गेला तर निदान पक्कं समजा.

उपाय: आरसे आधी, मग पोलरायझर, मग लेन्स, आणि सगळ्यात शेवटी वेव्हप्लेट. वेव्हप्लेट आणि पाणी यांच्यामध्ये एक फिल्टर मात्र लागतोच. वेव्हप्लेट क्वार्ट्झची आहे आणि क्वार्ट्झला उलटसममिती नाही (स्फटिक केंद्रातून उलटवला तर तसाच राहत नाही), त्यामुळे ती स्वतः थोडा ५३२ बनवते. शिवाय लेसरमधल्या फ्लॅशलॅम्पचा हिरवा भाग आहेच. १०६४ जाऊ देणारी आणि ५३२ अडवणारी लाल काच तिथे लावा. स्क्रूने आवळू नका, आवळलेल्या काचेत ताण येतो आणि ती स्वतःच वेव्हप्लेटसारखी वागायला लागते. काच बसवल्यावर वरची चार कोनांची तपासणी पुन्हा करा.

परावर्तित बाजूलाही एक खोच आहे. मोनोक्रोमेटरची ग्रेटिंग पी आणि एसला सारखी कार्यक्षम नसते, म्हणजे ती अर्धामुर्धा अॅनालायझरच. तुमचा खरा अॅनालायझर पाण्यानंतर लगेच, लेन्स-फिल्टरच्या आधी हवा. त्यापुढे ५३२ ची हाफ-वेव्हप्लेट लावून पोलरायझेशन नेहमी एकाच दिशेने ग्रेटिंगवर पाडा.

उत्तर: क्षारपाणी

ऑप्टिक्सचं वर आलंच. मी पाण्याचं आणि कुलरचं सांगतो.

हिशेब करा. ९० मिलीमीटरच्या डिशचं क्षेत्रफळ ६४ चौरस सेंटीमीटर. एका रेणूला अर्धा चौरस नॅनोमीटर जागा धरली तर पूर्ण एकथरासाठी सुमारे २१ नॅनोमोल लागतात. रेणुभार ३०० धरा, वजन झालं साधारण ६ मायक्रोग्रॅम. ३ मिलीमीटर खोलीला डिशमध्ये १९ मिलीलिटर पाणी असतं. म्हणजे पाण्यात दशलक्ष भागांत ०.३ भाग तेलकट घाण असली तरी पृष्ठभाग झाकायला पुरेशी आहे. बोट लागलं तरी खेळ खल्लास. आरओ क्षार काढतो हो, पण प्लास्टिकची टाकी, नळ्या आणि कार्ट्रिज पाण्यात सेंद्रिय अंश सोडतात, आणि इथे वैरी सेंद्रिय अंशच आहेत.

१८.२ मेगाओहमचं, म्हणजे अतिशुद्ध, पाणी नागपूरहून कॅनमध्ये आणणं हाही उपाय नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने रोध उतरतो, त्याचं इथे फारसं काही नाही. पण प्लास्टिक कॅनमधून यायचं ते येतंच. कॉलेजात पूर्ण काचेचं ऊर्ध्वपातन यंत्र असेल तर जुनी रीत वापरा. पाण्यात थोडं पोटॅशियम परमँगनेट आणि केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून पहिलं ऊर्ध्वपातन करा, रंग जांभळा टिकला पाहिजे. त्यातून आलेलं पाणी पुन्हा एकदा ऊर्ध्वपातित करा. पहिले आणि शेवटचे दहा-दहा टक्के फेका. ग्राउंड जॉइंटला ग्रीस लावायचं नाही. बोअरच्या पाण्याने सुरुवात केली तर फ्लास्कला क्षारांचं कवच बसतं, म्हणून सुरुवात आरओच्याच पाण्याने करा, तेवढा त्याचा उपयोग.

तपासणी सोपी आहे: स्वच्छ काचेच्या बाटलीत अर्धं पाणी घेऊन जोरात हलवा. बुडबुडे लगेच फुटले पाहिजेत. काठाला दोन-तीन सेकंदही फेस रेंगाळला तर पाणी नापास. टेन्शिओमीटर असेल तर २५ अंशांना ७२.० मिलीन्यूटन प्रति मीटर यायला हवं. ४० अंशांना ते मुळातच ६९.६ असतं, तेव्हा उन्हाळ्यात आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका.

आता कुलर. तो बंद करा. नवतपा असला तरी बंदच. त्याच्या वाऱ्याने पृष्ठभागावर तरंग उठतात आणि कठीण पाण्याचे क्षारयुक्त थेंब हवेत उडतात. शिवाय तुमच्या ताट्या वाळ्याच्या आहेत, आणि वाळ्याचा वास म्हणजे सेस्क्विटर्पीनांचा, त्यातले बहुतेक रेणू कायरल! कायरल सिग्नल शोधायच्या खोलीत कायरल तेलाची वाफ सोडायची हे काही खरं नाही. पहाटे चार ते आठ हा वेळ धरा. डिशवर ॲक्रिलिकची पेटी ठेवा, किरणासाठी दोन छिद्रं पुरतात. धुळीचा कण फोकसमध्ये आला की ठिणगी पडते आणि ती सगळ्याच तरंगलांबींना मोजली जाते. कपाशीच्या दिवसांत तंतूही येतात.

पाणी ३ मिलीमीटरपेक्षा खोल नको, उथळ थरात तरंग लवकर विरतात. पण त्याहून उथळही नको. डिशच्या तळावरून परतलेला किरण पृष्ठभागाच्या किरणाला समांतर बाहेर पडतो. ६० अंशांवर, ३ मिलीमीटर खोलीला, दोघांमधलं अंतर २.६ मिलीमीटर भरतं. तुमचा किरण १ मिलीमीटरचा आहे, तेव्हा आयरिसने तळाचा तुकडा कापता येतो. खोली १ मिलीमीटरवर आणली तर दोन्ही किरण एकमेकांवर चढतील, आणि काच-पाणी सीमेचा एसएचजी तुम्ही पाण्याचा म्हणून मोजाल.

वरूड_भौतिकी

आरसे पुढे आणले, वेव्हप्लेट शेवटी लावली. आधी ४५/१३५ चं गुणोत्तर १.७ होतं, आता १.०४. पाण्यावरचा फरक १४ वरून दीड टक्क्यावर आला. पण आता बायनॉलचाही फरक गेला! आर, एस, दोन्ही शून्याच्या आसपास. खरा सिग्नल होता की नव्हताच? की बायनॉलच खराब आहे?

उत्तर: तिरपा_किरण

बायनॉल चांगलंच असावं. टीएचएफ या द्रावकात पोलरीमीटरला सुमारे ३४ अंश विशिष्ट वलन (पोलरायझेशनचं प्रतल किती वळतं ते) आलं, आर ला धन आणि एस ला ऋण, की शंका मिटते. तुमचं शून्य बरोबर आहे. या लेसरवर वर्तुळाकार मापनात शून्यच यायला हवं.

पृष्ठभाग आपल्या प्रतलात सगळीकडे सारखा असेल तर एसएचजीमध्ये कायरल रेणूंमुळे एकच नवा स्वतंत्र घटक येतो, एक्सवायझेड. बाकीचे, झेडझेडझेड, झेडएक्सएक्स आणि एक्सझेडएक्स, कायरल नसलेल्या पृष्ठभागालाही असतात. रेणू १०६४ ला आणि ५३२ ला शोषतच नसेल तर हे सगळे घटक एकाच फेजमध्ये, वास्तव संख्या असतात. वर्तुळाकार किरणात कायरल आणि अकायरल वाटे एकमेकांपासून ९० अंशांवर पडतात, मग वर्ग घेतल्यावर चिन्ह पुसलं जातं. डावं-उजवं वेगळं दिसायला घटकांच्या फेजमध्ये फरक लागतो आणि तो शोषणाच्या जवळच मिळतो. बायनॉल ५३२ ला पारदर्शक आहे. चुंबकीय द्विध्रुवाच्या वाट्यामुळे शोषण नसतानाही थोडा फरक येऊ शकतो, पण तुमच्या मोजणीत तो दिसण्याची आशा धरू नका.

१९९३ साली जॉर्जटाउन विद्यापीठातल्या जॅनिस हिक्स यांच्या गटाने हवा-पाणी सीमेवरच्या बायनॅफ्थॉलवरच हा वर्तुळाकार फरक दाखवला, तोही शोषणाच्या जवळ जाऊन. साध्या सीडीत (डाव्या-उजव्या वर्तुळाकार प्रकाशाच्या शोषणातला फरक) हजारात एखादा भाग फरक मिळतो, इथे दशांशात मिळू शकतो, कारण एसएचजीत कायरल घटक विद्युत द्विध्रुवाच्या पातळीवरच येतो. पण फेजची अट सुटत नाही.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत.

सोपी वाट: वेव्हप्लेट हाफ-वेव्ह करा आणि आपाती पोलरायझेशन +४५ आणि −४५ ठेवून मोजा, अॅनालायझर एस वर. घटक वास्तव असले तरी इथे फरक टिकतो. किंवा आपाती शुद्ध पी ठेवा आणि अॅनालायझर दोन-दोन अंशांनी फिरवून एसएचजीचं प्रतल किती वळलं ते काढा. अकायरल पृष्ठभागावर पी आत दिला तर बाहेर एस शून्य असतो, म्हणून वळणाचा कोन थेट एक्सवायझेडकडे बोट दाखवतो. पोलरायझर आपाती प्रतलाशी अर्धा अंश चुकला तरी खोटं वळण येतं, पण ते आर आणि एस दोघांना सारखंच येतं. म्हणून आर चा कोन वजा एस चा कोन, भागिले दोन, हा आकडा लिहा. दोघांचं समप्रमाण मिश्रण त्या दोन कोनांच्या बरोबर मध्ये आलं पाहिजे. आलं नाही तर दोन द्रावणांची तीव्रता किंवा स्वच्छता सारखी नाही.

अवघड वाट: केटीपी स्फटिकाने ५३२ करा आणि एसएचजी २६६ वर मोजा. तिथे नॅफ्थलीनच्या चौकटीचं शोषण आहे, वर्तुळाकार फरक मिळेल. पण मग सगळं बदलतं. लेन्स आणि खिडक्या फ्यूज्ड सिलिकाच्या, फोटोमल्टिप्लायर सोलर-ब्लाइंड, म्हणजे दृश्य प्रकाश न मोजणारा. अॅनालायझरला कॅल्साइट २६६ ला भरवशाचं नाही, अल्फा-बीबीओ स्फटिकाचा किंवा मॅग्नेशियम फ्लोराइडचा रोशाँ पोलरायझर लागेल. रेणू दोन फोटॉन शोषून चमकेलही आणि जळेलही. सोपी वाट आधी पार करा.

द्रावण कसं करता? बायनॉल पाण्यात फारच कमी विरघळतं. जादा पावडर टाकून रात्रभर ढवळा, काचेच्या सिरिंजने गाळा, मेम्ब्रेनमधून आलेले पहिले २० मिलीलिटर फेका, कारण नव्या मेम्ब्रेनमधून ती ओली व्हावी म्हणून लावलेलं द्रव्य सुटतं. मग तेवढंच स्वच्छ पाणी घालून निम्मं करा. ४२ अंशांना संपृक्त केलेलं द्रावण पहाटे ३० अंशांवर आलं की पृष्ठभागावर स्फटिक तरंगतात आणि सिग्नल मध्येच दहापट उसळतो. विरघळावं म्हणून इथेनॉल घालू नका, ते स्वतः पृष्ठभागावर जाऊन बसतं. डिशमध्ये ओतल्यावर अर्धा तास थांबा.

आता लिमोनीन. ते तुमच्या लेसरवर सोडूनच द्या. त्यात दोन सुटे दुहेरी बंध, संयुग्मित काहीच नाही, म्हणून १०६४ ला प्रतिसाद अगदी फिका. वर ते उडतं, तेच तुमचं दहा मिनिटांचं उतरणं. उरलेलं हवेत ऑक्सिडाइज होऊन कार्व्होन आणि लिमोनीन ऑक्साइड बनतं, मग कोणाचा सिग्नल मोजला तेही सांगता येत नाही. २००० साली बर्कलीतल्या शेन यांच्या गटाने लिमोनीनवर कायरल सम-फ्रिक्वेन्सी कंपन वर्णपट दाखवला, पण तो द्रवाच्या पोटातला होता. हा भेद लक्षात असू द्या: दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी मिसळल्या तर कायरल द्रव पोटातूनही सिग्नल देतो, हे जिओर्डमेन यांनी १९६५ मध्येच सांगितलं होतं. एसएचजीत दोन्ही फ्रिक्वेन्सी एकच असल्याने पोटातला तो वाटा शून्य होतो. पृष्ठभागासाठी तुम्ही एसएचजी निवडला ते म्हणून योग्य आहे.

तेल उजवं आहे की डावं एवढंच पाहायचं तर २० सेंटीमीटरची पोलरीमीटरची नळी पुरे. शुद्ध आर-लिमोनीनचं विशिष्ट वलन +११५ ते +१२५ च्या दरम्यान असतं. आणि पुस्तकांत संत्र्यात आर, लिंबात एस असं छापून येतं त्यावर जाऊ नका. लिंबाच्या सालीतही मुख्यतः आर च असतं.

वरूड_भौतिकी

±४५ लावतो. अजून दोन गोष्टी: किरण आधी जुळवायला पाण्यापेक्षा जोरदार सिग्नल देणारं काय ठेवावं? आणि पुढे काचेवर कायरल पदार्थाचा थर घासून बसवायचा विचार आहे, तिथे काय सांभाळावं?

उत्तर: अर्धतरंग

जुळवणीला किराणा दुकानातली साखर. खलबत्त्यात बारीक कुटा, दोन काचपट्ट्यांत दाबा, पाण्याच्या पातळीवर ठेवा. ऊर्जा १ मिलीज्यूलवर आणा, फोटोमल्टिप्लायर बंद. १०६४ अडवणारा आणि ५३२ जाऊ देणारा चष्मा घाला, हिरवं डोळ्याला दिसेल. पाण्यावरून परतणारा किरण वर, तोंडाच्या दिशेने येतो हे विसरायचं नाही. तो अडवणारी काळी पाटी पक्की बसवा.

साखर चमकली म्हणून ते कायरलतेचं प्रमाण नव्हे. युरियाही छान चमकतो, त्याचा रेणू कायरल नाही, नुसती स्फटिकाला उलटसममिती नाही. शेतातला युरिया वापरू नका, निंबोळीचं आवरण मध्ये येतं. प्रयोगशाळेची बाटली घ्या. पृष्ठभागाचंही तसंच: पाण्याला वर हवा आणि खाली पाणी, एवढ्यानेच उलटसममिती मोडते. एसएचजी दिसला म्हणजे सीमा दिसली. कायरलता फक्त आर-एसच्या चिन्हात आहे.

घासलेला थर म्हणजे दिशा असलेला थर. घासण्याची रेघ आपाती प्रतलाला तिरकी पडली की कायरल नसलेला पदार्थसुद्धा +४५ आणि −४५ ला वेगळा वागतो. घासू नका, स्पिन करा किंवा बुडवून काढा. तरीही नमुना स्वतःच्या लंबाभोवती १५-१५ अंशांनी पूर्ण फिरवा आणि सरासरी घ्या. जो फरक फिरवण्याबरोबर वरखाली होतो तो दिशेचा, जो तसाच राहतो तो कायरल. एकाच कोनावर मोजून निष्कर्ष काढलेले आलेख पुष्कळ दिसतात, ते सोडून द्यावेत.

मोजणीला किती वेळ लागेल ते आधीच काढून ठेवा. फरक जी म्हणजे २ गुणिले (धन − ऋण) भागिले (धन + ऋण); धन म्हणजे +४५ ची मोजणी, ऋण म्हणजे −४५ ची. त्यातली अनिश्चितता २ भागिले एकूण मोजणीचं वर्गमूळ. ०.०२ अचूकता हवी तर १०,००० फोटॉन. सेकंदाला १० पल्स, दर पल्सला ०.१ फोटॉन, म्हणजे सेकंदाला एक: पावणेतीन तास. ०.००५ हवी तर १,६०,००० फोटॉन, ४४ तास. पल्समागे ०.१ च्या वर जाऊ नका, दोन फोटॉन एकत्र आले की मोजणी त्यांना एकच धरते. ०.१ वाचलं तर खरं ०.१०५ असतं, वर गेलं की दुरुस्ती वाढत जाते.

एक तास +४५ आणि एक तास −४५ असं कधीच करू नका. ३००-३०० पल्स घ्या, क्रम धन, ऋण, ऋण, धन. सरळ रेषेत सरकणारी कुठलीही गोष्ट त्यात कटते. सरकणाऱ्या गोष्टी तुमच्याकडे भरपूर आहेत. लेसरची ऊर्जा ५ टक्के उतरली की सिग्नल १० टक्के उतरतो, म्हणून वाटेत किरणाचा तुकडा काढून झेड-कट क्वार्ट्झवर पाडा आणि त्या एसएचजीने भागा. पाणी सुकतं: पातळी १ मिलीमीटर उतरली की ६० अंशांवर परावर्तित किरण १.७ मिलीमीटर सरकतो आणि आयरिसच्या बाहेर जातो. डिश स्क्रूच्या स्टेजवर ठेवा, दर वीस मिनिटांनी जुळवणीच्या हीलियम-निऑन लेसरचा ठिपका खुणेवर आणा.

दर सत्राला दोन चाचण्या करा. ऊर्जा निम्मी केली तर सिग्नल पाव झाला पाहिजे. मोनोक्रोमेटर ५२७ आणि ५३७ वर नेला तर सिग्नल गेला पाहिजे. राहिला तर तो फ्लुरोसन्स आहे, एसएचजी नाही.

उत्तर: क्षारपाणी

विजेचं राहिलं. शेतीच्या फीडरला थ्री-फेज आली आणि पंप चालू झाले की व्होल्टेज खाली बसतं, अन् नेमकं रात्री-पहाटे. फोटोमल्टिप्लायरचा हाय-व्होल्टेज पुरवठा आणि मोजणीयंत्र ऑनलाइन यूपीएसवर घ्या. त्याचा लाभांक व्होल्टेजला फार हळवा असतो. फ्लॅशलॅम्पचा भार लहान यूपीएस उचलत नाही, त्याला स्टॅबिलायझर. भारनियमनानंतर लेसर पुन्हा चालू केला की पाऊण तास काही मोजू नका.

लेसर थंड ठेवणाऱ्या चिलरमध्ये बोअरचं पाणी चुकूनही भरू नका, डीआयॉनाइज्डच. मे महिन्यात त्याच्या पंख्याला मोकळी हवा द्या. जून-जुलैत उलटी गोष्ट: सेटिंग दवबिंदूच्या खाली राहिलं तर लेसरच्या रॉडच्या टोकांवर दव धरतं आणि पुढच्या पल्सला कोटिंग जातं. पाऊस सुरू झाला की सेटिंग २५-२६ अंशांवर आणा आणि रॉडची टोकं टॉर्च लावून पाहूनच लेसर चालू करा.